तुसावरची वाफ

तंजावूरच्या जमिनीखाली नैसर्गिक वायू आहे आणि जमिनीवर भात. भात उकडायला वाफ लागते, आणि वाफ करायला नैसर्गिक वायूइतकं सोयीचं इंधन दुसरं नाही. तरीही कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या भातगिरण्या आजही वाफ करतात ती तुसावर. गिरणीच्या मागच्या अंगाला तुसाचे ढीग, शेजारी भट्टी, भट्टीला जोडलेला बॉयलर आणि वर काळपट धुराडं, असाच त्यांचा थाट असतो. वायूच्या विहिरी असलेल्या टापूतही गिरणीच्या भट्टीत पडतं ते तूसच.

याला मागासलेपण म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. एक टन वाफ करायला काय पडतं, हा हिशेब नीट मांडला तर गिरणीवाल्यांचा निर्णय शहाणपणाचा ठरतो. मात्र त्याच हिशेबातून त्यांच्या भट्ट्यांमधली नासाडीही उघडी पडते, आणि ती झाकून ठेवण्यात कोणाचंच भलं नाही.

मराठी वाचकाला तंजावूर आठवतं ते बृहदीश्वराच्या देवळातल्या १८०३ च्या मराठी शिलालेखामुळे, सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांमुळे, सरफोजीराजांमुळे. पण व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं, भोसल्यांचं हे राज्य उभं होतं ते कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातावर. राजाचा वाटा खळ्यावर भातात मोजून घेतला जाई. ग्रंथालय, देवळं, नाटकशाळा, सगळ्यांचा खर्च शेवटी त्या खळ्यावरूनच निघे. तंजावूरचा इतिहास आपण आवडीने वाचतो, पण ज्या धान्यावर तो चालला त्याचं पुढे काय होतं याकडे आपलं लक्ष जात नाही.

शेतातून आलेल्या भाताचा मोठा हिस्सा इथे उकडला जातो. तमिळमध्ये त्या तांदळाला पुळुंगल अरिसी म्हणतात. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज जेवणाऱ्याला तो परका वाटणार नाही. भात सालासकट पाण्यात भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. वाफेने दाण्यातला स्टार्च फुगून एकजीव होतो, आतल्या बारीक चिरा सांधल्या जातात आणि गिरणीत दाणा कमी तुटतो. सालाखालच्या थरातलं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, दाण्याच्या आत मुरतं, म्हणून पॉलिश केल्यावरही ते बऱ्यापैकी टिकतं. पॉलिशचा कच्चा तांदूळ खाणाऱ्या मुलखांमध्ये एके काळी बेरीबेरीने माणसं मेली. उकडा खाणाऱ्यांमध्ये तो रोग क्वचितच दिसला. इडलीलाही हाच तांदूळ लागतो. सरकारी हिशेबात कच्च्या तांदळाचा उतारा ६७ टक्के आणि उकड्याचा ६८ टक्के धरतात. हा एक टक्का वाफेने मिळवलेला आहे.

उकडण्याची जुनी रीत थंड पाण्याची होती. भात दोन-दोन, तीन-तीन दिवस हौदात भिजत राही, आंबे, आणि तांदळाला वास लागे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सीएफटीआरआयने, गरम पाण्याची रीत आणली: साधारण ७० अंशांच्या पाण्यात तीन-चार तास भिजवायचं आणि त्याच टाकीत वाफ सोडायची. वास गेला, वेळ वाचला. पण पाणी तापवायचं तर इंधन लागतं, आणि इथून वाफ हा गिरणीचा कणा झाला.

या संस्थेचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांनी पुढचं काम तंजावूरच्या मातीत केलं. १९६०-६१ मध्ये देशातल्या ज्या पहिल्या सात जिल्ह्यांत सघन शेती कार्यक्रम सुरू झाला, त्यांत तंजावूर होता. पीक वाढलं, आणि वाढलेलं पीक पावसात सापडायला लागलं. कावेरीच्या खोऱ्याचा हा कायमचा पेच आहे. मेट्टूर धरणातून जूनमध्ये पाणी सुटलं की कुरुवै भात लागतं आणि ते कापणीला येतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर. आपल्याकडे दिवाळीला पाऊस परतलेला असतो. तिथे तेव्हा तो येतो. कापलेलं भात ओलं, खळं ओलं, आकाश भरलेलं. या ओल्या भाताचं करायचं काय, या प्रश्नातून १९६७ मध्ये तिरुवारूरच्या सहकारी आधुनिक भातगिरणीच्या आवारात एक प्रयोगशाळा उघडली. तिरुवारूर तेव्हा तंजावूर जिल्ह्यातच होतं. सुब्रह्मण्यन यांनी ती वाढवली. पुढे तिचं भात प्रक्रिया संशोधन केंद्र झालं, ते तंजावूर शहरात आलं, आणि आज ती निफ्टेम, तंजावूर या नावाने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे. एका मोठ्या राष्ट्रीय संस्थेचं संचालकपद भूषवलेला शास्त्रज्ञ निवृत्तीनंतर तालुक्याच्या गावी भातगिरणीच्या आवारात येऊन बसतो आणि भात कसं वाळवावं याचा विचार करतो, याचं मला फार मोल वाटतं. अशा कामाला पुतळे लाभत नाहीत.

वाळवणं हा शब्द साधा दिसतो, पण वाफेचा सगळा खर्च तिथे दडलेला आहे. एक टन भात घ्या. ते भिजवायला पाणी तापवायचं, तर साधारण १३० किलो वाफ लागते. मग टाकीत सोडायची वाफ, आणखी ५० किलोच्या आसपास. म्हणजे उकडणं असं ज्याला म्हणतात ते १८०-२०० किलो वाफेत उरकतं. पण उकडलेल्या भातात ३५ टक्के ओल असते आणि साठवायला, भरडायला ती १४ टक्क्यांवर आणावी लागते. एका टनामागे सव्वातीनशे किलो पाणी उडवायचं असतं. ऊन असेल तर ते फुकट उडतं. सिमेंटच्या विस्तीर्ण अंगणात भात पसरायचं, माणसांनी पायांनी नाहीतर फळीने ते खालीवर करत राहायचं, ही रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि लहान गिरण्यांत अजून चालते. पाऊस असेल, किंवा मजूर नसतील, तर ड्रायर चालवावा लागतो. वाफेच्या नळ्यांवरून हवा तापवून भातात सोडायची, आणि त्यात आणखी पाचशे-साडेपाचशे किलो वाफ जाते. एकूण सुमारे ७०० किलो. यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग एकट्या वाळवणीचा.

आता वाफेकडे येऊ. ३० अंशांच्या पाण्यापासून १० बार दाबाची एक किलो वाफ करायला सुमारे ६३५ किलोकॅलरी उष्णता लागते. यातला मोठा भाग पाणी तापवण्यात जात नाही, पाण्याची वाफ होण्यात जातो. इंधन कोणतंही असो, बॉयलर कोणत्याही कंपनीचा असो, हा आकडा हलत नाही. एक टन वाफेला ६ लाख ३५ हजार किलोकॅलरी. फरक पडतो तो ही उष्णता कितीला मिळते यात, आणि त्यातली किती धुराड्यातून निघून जाते यात.

नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमधून बॉयलरला उपयोगी पडणारी उष्णता सुमारे ८,५०० किलोकॅलरी. बॉयलर ९० टक्के कार्यक्षम धरला तर एक टन वाफेला ८३ घनमीटर वायू जातो. उद्योगाला तो नळाने ५० रुपये घनमीटरने पडतो असं धरा. एक टन वाफेचं नुसतं इंधन ४,१५० रुपयांना पडलं. भाव ७० रुपये झाला तर ५,८०० रुपयांना.

तुसाची उष्णता किलोला तीन ते साडेतीन हजार किलोकॅलरी. आपण तीनच हजार धरू. भट्टी आणि बॉयलर मिळून ७० टक्के कार्यक्षम असतील, तर एक टन वाफेला ३०२ किलो तूस लागतं. तूस ३ रुपये किलो धरलं तर ९०६ रुपये. ५ रुपये धरलं तरी १,५१० रुपये. वायूच्या ५० रुपये भावाशी तुसाची बरोबरी व्हायची तर तूस किलोला पावणेचौदा रुपयांवर जायला हवं. भट्टीवरची माणसं, पंख्यांची वीज, राख उचलण्याचा खर्च, दुरुस्ती, हे सगळं तुसाच्या बाजूला टाकलं तरी ही दरी बुजत नाही.

वायूचा बॉयलर विकायला येणारा माणूस इथे एक गोष्ट सहसा सांगत नाही, ती सांगितली पाहिजे. वायू जळताना पाणीही तयार होतं आणि ते वाफ होऊन धुराड्यातून जातं. या वाफेत अडकलेली उष्णता धरून वायूचं उष्मांकमूल्य मोजलं तर ते सुमारे ९,४०० येतं, सोडून मोजलं तर ८,५००. बॉयलरची कार्यक्षमता बहुतेक वेळा लहान आकड्यावर सांगितली जाते आणि वायूचं बिल मोठ्या आकड्यावर लावलं जातं. म्हणजे माहितीपत्रकातला ९० टक्क्यांचा बॉयलर, ज्या उष्णतेचे आपण पैसे मोजतो त्या हिशेबाने, ८१ टक्क्यांचाच असतो. वायू एमएमबीटीयूमध्ये, म्हणजे दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटांच्या मापाने, विकला जातो. त्या मापात एक टन वाफेला ३.१ एमएमबीटीयू लागतात, २.८ नव्हे. कोणाशीही करार करताना कार्यक्षमता कोणत्या मूल्यावर सांगितली आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

याच मापाने वायूच्या भावाकडे पाहू. एप्रिल २०२३ पासून सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा भाव कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के असा बांधला गेला. खाली ४ डॉलर, वर साडेसहा डॉलर एमएमबीटीयूला. एप्रिल २०२५ मध्ये वरची मर्यादा पावणेसात डॉलर झाली. पावणेसात डॉलरने आणि डॉलरचे ८५ रुपये धरून एक टन वाफेचा वायू १,७८० रुपयांना येतो. हा आकडा ऐकून गिरणीवाल्याचे डोळे लकाकतील, पण हा वायू त्याच्या वाट्याला येत नाही. तो आधी घरगुती नळांना आणि गाड्यांच्या सीएनजीला जातो, खत आणि वीज कारखान्यांना जातो. साध्या उद्योगाला मिळतो तो मुख्यतः जहाजाने आयात केलेला द्रव वायू. उत्तर चेन्नईच्या एण्णूर बंदरात २०१९ मध्ये इंडियन ऑइलचं टर्मिनल सुरू झालं, वर्षाला ५० लाख टनांचं. तिथून दक्षिणेकडे नळ टाकण्याचं काम झालं. नळ दारात आला तरी भाव ठरतो परदेशात. २०२० च्या उन्हाळ्यात आशियाच्या खुल्या बाजारात द्रव वायू २ डॉलरच्या खाली गेला होता. २०२२ मध्ये, युक्रेनच्या युद्धात, तोच ५० डॉलरच्या वर गेला. गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल्स कारखान्यांनी तेव्हा वायू सोडून प्रोपेन धरला. त्यांना धरता आला. भातगिरणीची मिळकत भातावर ठरलेली असते. तिला अशी उडी परवडत नाही.

शिवाय नैसर्गिक वायू जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि भरलेल्या कराची वजावट पुढे मिळत नाही. उद्योगाच्या पुरवठा करारांत बहुधा किमान उचलीची अट असते: वायू जाळा न जाळा, ठरलेल्या प्रमाणाचे पैसे भरा. गिरणी हंगामात रात्रंदिवस चालते आणि हंगाम सरला की मंदावते. तिच्यासाठी ही अट फास आहे.

आता हेच आकडे दिवसाला १०० टन भात उकडणाऱ्या गिरणीला लावून पाहा. सगळं भात ड्रायरवर वाळवलं तर तिला रोज ७० टन वाफ लागते. वायूवर ही वाफ दिवसाला सुमारे २ लाख ९० हजार रुपयांना पडेल, म्हणजे भाताच्या प्रत्येक क्विंटलमागे २९० रुपये. केंद्राने २०२५-२६ साठी भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला. त्याच्या बारा टक्के रक्कम नुसत्या इंधनात. आणि सरकारी भात भरडून देण्याची मजुरी? केंद्राच्या दरपत्रकात ती वर्षानुवर्षं कच्च्या तांदळाला क्विंटलमागे १० रुपये आणि उकड्याला २० रुपये अशी राहिली. २० रुपयांची मजुरी घेणाऱ्याने २९० रुपयांचं इंधन जाळायचं, असा तो हिशेब होतो. ही मजुरी इतकी कमी ठेवता आली, कारण तूस आणि कोंडा गिरणीवाल्याकडे राहतो हे त्यात गृहीत आहे. कोंड्याचं तेल निघतं, तुसाची वाफ होते. तूस हा गिरणीच्या मजुरीचाच भाग आहे. म्हणून त्याला फुकट म्हणू नये. बाजारात ३ रुपये मिळत असतील तर भट्टीत टाकलेल्या प्रत्येक किलोने ३ रुपये जळतात. वीटभट्ट्या, कागदाच्या गिरण्या, कोंबड्यांच्या शेड, सगळ्यांना तूस हवं असतं.

एक टन भातातून २०० ते २२० किलो तूस निघतं. आणि ७०० किलो वाफेला, ७० टक्के कार्यक्षमतेने, २११ किलो तूस लागतं. ज्या भाताला उकडायचं आणि वाळवायचं, त्याच भाताचं साल त्याला पुरेसं पडतं, ना फार उरत ना फार कमी पडत. मी हा हिशेब केला तेव्हा इतका नेमका मेळ बसेल असं वाटलं नव्हतं. मात्र तो ७० टक्क्यांवर उभा आहे. जुन्या, बिनअस्तराच्या, दारं सताड उघडी असलेल्या भट्टीची कार्यक्षमता ५५ टक्क्यांवर आली, की एक टन वाफेला ३८५ किलो तूस जातं. १०० टनांच्या गिरणीला रोज २७ टन लागतं आणि घरचं असतं २०-२२ टन. पाच ते सात टन विकत घ्यावं लागतं. गिरणी स्वतःच्या तुसावर जगते की दुसऱ्याच्या, हे या पंधरा टक्क्यांत ठरतं.

तुसाची बाजू घेताना त्याचे दोष लपवायचे नाहीत. तुसात १८-२० टक्के राख असते, दुसऱ्या बहुतेक जैवइंधनांपेक्षा ती जास्त. एक टन वाफेमागे पन्नास-साठ किलो राख; आपल्या १०० टनांच्या गिरणीत रोज चार टन. हलकी, काळी, वाऱ्यावर उडणारी राख शेजारच्या घरांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर, माणसांच्या फुप्फुसांत जाते. भातगिरणीशेजारी राहणाऱ्यांची ही तक्रार खरी आहे आणि जुनी आहे. धूळ पकडणारे सायक्लोन, पाण्याचा फवारा, उंच धुराडं, बंदिस्त राखकोठी, हे उपाय ठाऊक आहेत. ते न लावणं हा खर्च शेजाऱ्याच्या माथी मारणं आहे. तूस ३ रुपये किलो म्हणताना हा खर्च धरलेला नसतो.

त्यातही राखेचा रंग काळा असेल तर ती न जळालेल्या कार्बनची आहे. ते इंधनच आहे, पैसे देऊन घेतलेलं आणि उकिरड्यावर टाकलेलं. पूर्ण जळालेल्या तुसाची राख करडी-पांढुरकी होते आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. पोलाद कारखान्यात वितळलेल्या धातूवर झाकण म्हणून, सिमेंटमध्ये, विटांत ती खपते. पायऱ्यांच्या जुन्या जाळीवर तूस नीट जळत नाही. तळातून हवा फुंकून तूस तरंगत ठेवणाऱ्या भट्टीत ते जवळजवळ पूर्ण जळतं. फरक भट्टीच्या बांधणीचा आहे.

बाकीची गळती बॉयलरखोलीत शांतपणे होत असते. ड्रायरच्या नळ्यांत वाफेचं पाणी होतं, ९० अंशांचं, मऊ, क्षार नसलेलं. ते गटारात सोडायचं आणि बॉयलरला ३० अंशांचं बोअरचं पाणी पाजायचं, असं अनेक ठिकाणी घडतं. बॉयलरमध्ये जाणारं पाणी सहा अंशांनी गरम केलं की इंधन एक टक्का वाचतं, हा जुना नियम आहे. ड्रायरचं पाणी परत आणलं तर सात-आठ टक्के तूस वाचेल. त्याला लागते एक टाकी, एक पंप आणि काचलोकर-पत्रा गुंडाळलेला नळ. बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांवर बसले की मिलिमीटरभर थरानेही इंधन पाच टक्क्यांहून जास्त वाढू शकतं. ७ बारच्या नळीला ३ मिलिमीटरचं भोक पडलं तर तासाला पंचवीस-तीस किलो वाफ हवेत जाते. वर्षभरात त्याची दोनशे टन वाफ होते. हे सगळं थांबवायला वायूचा नळ लागत नाही.

वायूच्या बाजूने बोलायचं तर त्याला राख नाही, ढीग नाही, कोठार नाही, आग लागण्याची रोजची धास्ती नाही. बटण दाबलं की काही मिनिटांत वाफ, मागणी उतरली की ज्योत उतरते. तुसाच्या भट्टीला हे जमत नाही. म्हणून दुधाच्या प्रकल्पात, औषधकारखान्यात, रुग्णालयात, जिथे वाफ थोडी, स्वच्छ आणि क्षणात हवी असते, जिथे जागा महाग आणि शेजार दाट असतो, तिथे वायूची वाफ महाग असूनही योग्य ठरते. मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांना कोळसा आणि फर्नेस ऑइल सोडून वायू घ्यायला लावणं बरोबरच होतं. गिरणीचं तसं नाही. तिच्या दारात रोज वीस टन इंधन आपोआप येऊन पडतं, आणि ते जाळलं नाही तर ते सडतं नाहीतर उघड्यावर पेटतं.

साखर कारखान्यांनी हे केव्हाच ओळखलं. उसाचं चिपाड जाळून वाफ करायची, त्या वाफेवर आधी टर्बाइन फिरवून वीज काढायची आणि मग तीच वाफ रस आटवायला घ्यायची. प्रवरेपासून पंचगंगेपर्यंत कोणी साखर कारखान्याला वायूचा बॉयलर सुचवत नाही. तंजावूर जिल्ह्यातही कुरुंगुळमला अरिज्ञर अण्णा साखर कारखाना चिपाडावर वाफ करतो. भातगिरण्या लहान आणि विखुरलेल्या, म्हणून त्यांना हा मान आणि कर्ज मिळालं नाही, एवढाच फरक.

तंजावूरच्या वाफेचा हिशेब इथे संपला असता, जर वायू दुसऱ्या कुठून येत असता. पण तो याच शेतांखाली आहे. ओएनजीसी कावेरीच्या खोऱ्यात १९६० च्या दशकापासून विहिरी खोदते आहे. इथल्या वायूवर कोविलकळप्पाळ आणि कुत्तालम इथे प्रत्येकी शंभर मेगावॅटच्या आसपासची सरकारी वीजकेंद्रं उभी राहिली. २०१० मध्ये मन्नारगुडी भागात कोळशाच्या थरातला मीथेन काढण्याचा करार झाला आणि शेतकरी खवळले. जमिनीतलं पाणी उपसून मीथेन मोकळा करायचा, तर कावेरीच्या भाताला पाणी कुठून? तंजावूर जिल्ह्यातच जन्मलेले सेंद्रिय शेतीचे कार्यकर्ते जी. नम्माळ्वार गावोगाव हे सांगत फिरले. ३० डिसेंबर २०१३ रोजी पट्टुकोट्टैजवळ, याच प्रचाराच्या दौऱ्यात, त्यांचा मृत्यू झाला. पुढे राज्याने मीथेन प्रकल्पावर बंदी घातली.

फेब्रुवारी २०१७ मध्ये शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातलं नेडुवासल गाव जमिनीखालचा वायू काढण्याच्या अशाच प्रकल्पाविरुद्ध पेटून उठलं. त्याच वर्षी ३० जूनला तंजावूर जिल्ह्यातल्या कदिरामंगलम गावात ओएनजीसीची नळी फुटली आणि तेल शेतात पसरलं. गावकरी जमले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अटका झाल्या, महिनोन् महिने आंदोलन चाललं. फेब्रुवारी २०२० मध्ये तमिळनाडू विधानसभेने कायदा करून कावेरी खोरं संरक्षित कृषी क्षेत्र ठरवलं. तंजावूर, तिरुवारूर, नागपट्टिणम हे जिल्हे आणि कडलूर, पुदुक्कोट्टैचे काही भाग त्यात आले. तेल आणि वायूच्या नव्या विहिरींना तिथे मनाई झाली. जुन्या मात्र चालू राहिल्या.

या कायद्याला विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी वाफेचा हिशेब करून पाहावा. एक टन वाफेसाठी वायू जाळला तर सुमारे १६५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १०० टनांच्या एका गिरणीचा रोज साडेअकरा टन. तुसाचाही कार्बन जातो, पण तो त्याच वर्षी भाताने हवेतून घेतलेला असतो. जो वायू अठराशे-एकोणीसशे अंशांची ज्योत देतो, तो शंभर अंशांवर भात उकडायला जाळणं हा त्या वायूचाही अपमान आहे. त्याची जागा वीजकेंद्रात, खतकारखान्यात, काचभट्टीत. आणि ज्या शेताखालून तो काढायचा, त्या शेतातलं भात बिघडलं तर गिरणीला उकडायला उरणार काय?

म्हणून माझं मत असं: कावेरीच्या भाताची वाफ कावेरीच्या तुसावरच व्हावी, पण आजच्या भट्ट्यांमध्ये नव्हे. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला. बॉयलर फुटू नये याची काळजी जुन्या कायद्याने शंभर वर्षं घेतली. तो किती तूस खातो, किती राख उडवतो, हे मात्र कोणी तपासत नाही. वायूच्या नळांसाठी हजारो कोटी उभे राहतात. लहान गिरणीला तरंगत्या थराची भट्टी, धूळ पकडणारं यंत्र आणि परतीच्या पाण्याची टाकी यांसाठी स्वस्त कर्ज उभं राहिलं पाहिजे, आणि उकड्या तांदळाच्या मजुरीत राख सांभाळण्याचा खर्च धरला पाहिजे. तंजावूरला भात प्रक्रियेची राष्ट्रीय संस्था आहे. तिने प्रत्येक तालुक्यात एका गिरणीचा वाफेचा ताळेबंद मांडून तो गिरणीच्या दारावर लावावा.

आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्यात धानाच्या गिरण्या आहेत, उकडा तांदूळ तिथेही होतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात उकड्याशिवाय जेवण होत नाही. तिथल्या गिरणीमालकांना माझी एक विनंती आहे. बॉयलरच्या पाण्यावर एक मीटर बसवा, भट्टीत जाणारं तूस आठवड्यातून एकदा तोलून घ्या आणि वहीत एक आकडा लिहा: एक टन वाफेला किती किलो तूस. तो ३०० च्या आसपास असेल तर तुमची भट्टी ठीक आहे. ३८० च्या वर असेल, तर नव्या इंधनाच्या चौकशीला जाण्याआधी मिस्त्रीला बोलवा.